डावीकडचा आवाज

३ फेब्रुवारी

भोंग्या,

तुझी खुशाली शेवटी विचारीन, आधी माझं रडगाणं ऐक. आम्ही नव्या घरात आलो हे मामीकडून तुला कळलं असेलच. लेक नोकरीच्या गावी गेली, मग तेवढ्या खोल्या झाडत कशाला बसायचं, म्हणून लहान घर घेतलं. भांडी लागली, कपडे लागले, तुझ्या भावोजींची पुस्तकंसुद्धा भिंतीला लागली, तीही माझ्या टेबलाच्या डावीकडे. एक माझी कामाची खोली तेवढी लागत नाही.

कॉम्प्युटर जोडला, पाच स्पीकर आणि तो खर्जाचा ठोकळा जागच्या जागी ठेवला, आणि सुरू करून बघते तर आवाज समोरच्या दोनच स्पीकरमधून. मागचे दोन मुके, मधला मुका. मधला मुका म्हणजे माणसांचं बोलणंच गायब! पडद्यावर बाई फोनवर तावातावाने भांडतेय, तिच्या मागचा पंखा मला ऐकू येतोय, आणि बाईच्या तोंडून चकार शब्द नाही. भावोजी दारातून बघून म्हणाले, "छान आहे, असंच राहू दे."

म्हटलं सेटिंग बिघडलं असेल, म्हणून जाड-बारीक आवाज वर-खाली करायचा एक नवा इक्वलायझर उतरवून घेतला. त्याच्या सगळ्या पट्ट्या वर ढकलल्या. आता आवाज मोठा आला, पण फाटका. दार आपटलं की पत्रा कापल्यासारखं वाटतं.

काम घाईचं आहे, एका सिनेमाचे आवाज बसवायचे आहेत. एका रिकाम्या वसतिगृहाची राखण करणाऱ्या बाईची गोष्ट आहे. सबंध सिनेमात ती एकटी, आणि जे काय घडतं ते आवाजात घडतं. जिन्यावर पावलं, मागे कुठेतरी खिडकी, वरच्या मजल्यावर नळ. दिग्दर्शिका वयाने माझ्या लेकीएवढी, पण कान तिखट. तिला पहिला भाग या आठवड्यात हवाय.

तू नाट्यगृहांतून एवढाले स्पीकर टांगतोस, तुला हे चुटकीसरशी कळेल. फोन मात्र करू नकोस. लिहूनच पाठव, म्हणजे समोर ठेवून एकेक करता येईल.

डावीकडे जरा मंदही वाटतं. पण ते काही एवढं नाही.

तू कसा आहेस? जेवतोस का वेळेवर?

ताई

---

५ फेब्रुवारी

ताई,

जेवतो. परातीवर, म्हणजे सॉरी, परांचीवर बसून जेवतो. इथे एका सभागृहाचं काम चालू आहे. छताला स्पीकर टांगायचे, आणि छत बांधणाऱ्याने खिळा मारायला म्हणून जागा सोडलेली नाही. खालून व्यवस्थापक ओरडतो, "लवकर!" आणि त्याचा आवाज सभागृहात असा काही घुमतो की त्याचं "लवकर" मला तीनदा ऐकावं लागतं.

आता तुझं. घाबरण्यासारखं काही नाही. दोन वेगवेगळे आजार आहेत, तू दोघांना एकच औषध पाजलंस.

पहिला आजार. अपडेट झालं असेल नाहीतर तारा काढून घातल्या म्हणून असेल, तुझ्या कॉम्प्युटरची समजूत झालीय की त्याला दोनच स्पीकर आहेत. आवाजाच्या सेटिंगमध्ये जा, तिथे स्पीकरची मांडणी विचारतो. 'स्टीरिओ' वर असेल, ते 'पाच अधिक एक' कर. तिथेच प्रत्येक स्पीकरवर क्लिक करून टिंग टिंग वाजवून बघता येतं. सगळे टिंग म्हणाले की मग इक्वलायझर बंद करून परत उघड आणि त्याला तोच आउटपुट पुन्हा निवडून दे. त्याने जुनी दोन स्पीकरचीच मांडणी धरून ठेवलेली असते.

दुसरा आजार. आवाज फाटतो कारण तू सगळ्या पट्ट्या वर चढवल्यास. आधीच काठोकाठ भरलेलं भांडं, त्यात तू आणखी ओततेस, मग ते सांडणारच. प्री-अँप नावाची एक पट्टी असते, सगळ्यात डावीकडे. बाकीच्यांतली जी सगळ्यात वर आहे, ती जितकी वर, तितकी ही खाली आण. आणि माझं ऐकशील तर पट्ट्या वर नेऊच नकोस. जे जास्त आहे ते खाली आण. कमी असलेलं आपोआप दिसायला लागतं.

डावीकडे मंद वाटतं म्हणतेस तर हेडफोन लावून बघ. तिथेही मंद असेल तर कॉम्प्युटरकडे बघू, नसेल तर स्पीकरकडे.

फोन नको का बरं? माझा आवाज एवढा वाईट आहे का?

भोंगा

---

८ फेब्रुवारी

भोंग्या,

बोलली! बाई बोलली! मांडणी खरंच 'स्टीरिओ' वर होती. बदलली, एकेकाला टिंग केलं, इक्वलायझर परत उघडला, आणि ती बाई अशी काही कडाडली की भावोजी तपासायची प्रुफं टाकून धावत आले. त्यांना वाटलं मीच भांडतेय. प्री-अँप खाली आणली आणि फाटणंही थांबलं. तुझ्या तोंडात साखर.

पहिला भाग करून पाठवूनसुद्धा दिला.

आता ते डावीकडचं. हेडफोन मिळत नाहीत, कुठल्या खोक्यात गेले कोण जाणे. पण डावीकडे, पुढून आणि मागूनही, आवाज कापूस कोंबल्यासारखा येतो. मोठा आहे, पण धार नाही. बांगडी वाजली तर उजवीकडे बांगडी वाटते, डावीकडे लाकूड. इक्वलायझर पार बंद करून बघितला, तरी तसंच. मग डावा स्पीकर उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवला. तरीही डावीकडेच मंद. म्हणजे स्पीकरचा दोष नाही, इक्वलायझरचाही नाही.

तुला काय वाटतं? फोन नकोच, अरे. इथे रेंज धड येत नाही.

ताई

---

९ फेब्रुवारी

ताई,

स्पीकर अदलाबदल केलेस, शाबास! माझ्या हाताखालची माणसं एवढं डोकं चालवत नाहीत.

मग आता राहिलं काय? कॉम्प्युटर, खोली आणि कान. माझा संशय खोलीवर आहे. डाव्या भिंतीला भावोजींची पुस्तकं आहेत ना? पुस्तकं बारीक आवाज गिळतात. पण एवढा मोठा फरक पुस्तकांनी पडू नये. पडदे उघडून बघ, कपाट असेल तर हलवून बघ.

पण त्याआधी अर्ध्या मिनिटाचं एक काम कर. खुर्ची उलटी फिरव आणि पडद्याकडे पाठ करून बस. म्हणजे डावीकडचे स्पीकर तुझ्या उजव्या कानाशी येतील. मंद आवाज पुस्तकांच्याच भिंतीकडून आला तर दोष यंत्राचा नाहीतर खोलीचा. आणि तुझ्याबरोबर फिरून दुसऱ्या भिंतीला गेला, तर मग ताई, म्हातारपण आलं असं समज आणि काठी घे!

कळव. मी उद्यापासून छताच्या दुसऱ्या टोकाला आहे.

भोंगा

---

१८ फेब्रुवारी

भोंग्या,

उत्तराला उशीर झाला. खूप काही करून बघितलं. मागच्या सगळ्या तारा काढून, पुसून परत लावल्या. पडदे काढले. कपाट दुसऱ्या खोलीत नेलं, त्यात भावोजींची पाठ धरली. पुस्तकांवर चादर टाकून बघितली, चादर काढून बघितली. इक्वलायझर काढून टाकला, परत घातला. साउंड कार्डचा ड्रायव्हर नवा टाकला. काही फरक नाही.

दिग्दर्शिकेचा निरोप आला. पहिला भाग तिने थेटरात लावून ऐकला. म्हणते, "डावी बाजू फार टोचते हो. पावलं ऐकवत नाहीत, कानात सुई गेल्यासारखं होतं." म्हणजे मला मंद वाटलं म्हणून मी डावीकडची धार चढवली, आणि बाकी जगाला ती टोचली. यावरून काय समजायचं ते मी समजले.

तिला लिहून ठेवलंय की पुढचं काम दुसऱ्या कुणाकडून करून घे. अजून पाठवलेलं नाही. तू काळजी करू नकोस, वय झालं की हे व्हायचंच. इतकी वर्षं कानांवर पोट भरलं, ते काय थोडं झालं?

जेवायच्या टेबलावर भावोजी माझ्या डावीकडे बसतात. आताशा त्यांचं निम्मं बोलणं मला कळत नाही. मी नुसती मान हलवते. परवा त्यांनी काहीतरी विचारलं, मी "हो" म्हटलं, आणि संध्याकाळी घरात पुस्तकांचं आणखी एक कपाट आलं.

तुला आठवतं का रे, आमची आई पाहुण्यांत नेहमी कुठल्या खुर्चीवर बसायची?

तुझं काम कुठवर आलं?

ताई

---

१८ फेब्रुवारी

ताई,

परांचीवरून उतरलोय. आता खाली जिन्यात बसून लिहितोय.

तू सगळं केलंस. कपाट हलवलंस, चादरी टाकल्यास, ड्रायव्हर बदललास. फक्त खुर्ची फिरवली नाहीस. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, आणि त्याच्याबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस.

आणि हेडफोन मिळत नाहीत! शिंप्याला कात्री मिळत नाही असं कधी झालंय का? मी खुळा. मला तेव्हाच कळायला हवं होतं. वर काठी घे म्हणून थट्टा केली. ती थट्टा मी परत घेतो.

आत्या कुठे बसायची ते मला आठवतं. भिंतीला लागून, डावा कान भिंतीकडे. माझ्या बाबांना ठाऊक होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला असताना तिने ऐकायचं यंत्र डाव्या कानावरून उजव्यावर घेतलं आणि कुणाला सांगितलं नाही. पुढे उजवाही गेला तेव्हा घरात कळलं. बाबा म्हणायचे, "अक्काला ऐकू येत नव्हतं त्याचं दुःख नाही, तिने एकटीनं सोसलं त्याचं आहे." म्हणून तू फोन टाळतेस, होय ना? फोन तू कायम डाव्या कानाला लावतेस. मला भीतीनं ओळखायचं नव्हतं, आता ओळखलं.

आता माझं नीट ऐक. भावोजींचं बोलणं कुणालाच कळत नाही. ते लग्नाच्या दिवसापासून पुटपुटतात. प्रुफं वाचून वाचून त्यांचे ओठ हलतात आणि आवाज आतच राहतो. गेल्या खेपेला आलो होतो तेव्हा त्यांनी मला तासभर काहीतरी सांगितलं, आणि मी "अगदी बरोबर" म्हणत राहिलो. अजून मला माहीत नाही कशाला बरोबर म्हणालो. तेव्हा तो पुरावा धरायचा नाही.

दिग्दर्शिकेचा निरोप म्हणशील, तर यंत्र तुला मंद ऐकवत असेल तरीही तू डावी बाजू चढवलीच असतीस. त्याने कान दोषी ठरत नाही.

राहिली खुर्ची. तिला तू घाबरतेस, कारण उत्तर कळेल. अगं, पण उत्तर कळलं नाही तरी ते जे आहे तेच राहणार. कान असला तर दवाखाना आहे, यंत्रं आहेत, आणि तू आत्यासारखी एकटी नाहीस. मी दुसऱ्याच दिवशी निघून येतो, हे छत आपल्या जागी राहील. कान नसला तर तू फुकट झुरतेयस.

भावोजींना खोलीत बोलाव. एकटीनं करू नकोस. आणि दिग्दर्शिकेला ते पत्र तोवर पाठवू नकोस.

भोंगा

---

१९ फेब्रुवारी

भोंग्या,

तुझं वाचलं, आणि खुर्चीत बसून राहिले. मग भावोजींना हाक मारली. ते लाल पेन कानावर अडकवून आले. मी म्हटलं, "बसा जरा, एक सांगायचं आहे." आणि सांगितलं. सगळं. आईचं, डाव्या कानाचं, दिग्दर्शिकेच्या पत्राचं.

ते उठले, माझ्या डावीकडून उजवीकडे आले, आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "इतके दिवस हे घेऊन हिंडतेस? मला वाटलं नवं घर तुला आवडलं नाही. मी रोज मनातल्या मनात घर विकत होतो."

बघ, दोघंही आपापल्या जागी झुरत होतो.

मग मी जिन्यावरच्या पावलांचा तुकडा लावला. डावीकडे लाकूड, उजवीकडे लखलखीत, जसं रोज असतं तसं. भावोजींनी खुर्चीच्या पाठीला धरलं आणि म्हणाले, "डोळे मीट, मी फिरवतो." लहान मुलीला फिरवतात तसं सावकाश फिरवलं. 

भोंग्या, पावलं उजव्या कानाला मंद लागली. उजव्या! माझ्या चांगल्या कानाला! आणि डावा, ज्याच्यावर मी तेरावं घालायला निघाले होते, त्यात एकेक पाऊल असं टकटक येत होतं. पुढे जिन्यातली किल्ल्यांची खुळखुळ आली. प्रत्येक किल्ली वेगळी ऐकू आली. मी म्हटलं, "परत फिरवा." परत डावीकडे मंद. "आता उलटी." परत उजवीकडे. चार-पाच वेळा फिरवायला लावलं. शेवटी ते म्हणाले, "ताई, आता मला घेरी येईल." ते मला कधी ताई म्हणत नाहीत. त्यांचंही डोकं ठिकाणावर नव्हतं.

मग मी खूप रडले. त्यांनी कानावरचं पेन काढून माझ्या हातात का दिलं, ते त्यांनाही सांगता येत नाही.

कान नाही. यंत्र आहे, नाहीतर खोली. कितीही वाईट बिघाड असू दे, मला आता तो बिघाड लाडका वाटतोय. पण आहे कुठे रे तो? इक्वलायझर बंद केला तरी जात नाही.

पत्र पाठवलं नाही. पुसून टाकलं.

संध्याकाळी फोन कर. डाव्या कानाने घेते.

ताई

---

२० फेब्रुवारी

ताई,

फोनवर तू आणि मी दोघंही इतके रडलो-हसलो की कामाचं राहूनच गेलं. खालचा व्यवस्थापक विचारत होता, घरी काही वाईट झालंय का. मी म्हटलं, नाही हो, माझ्या बहिणीचं सेटिंग बिघडलंय. तो अजून माझ्याकडे विचित्र बघतोय.

आता शिकार करू. इक्वलायझर बंद करून फरक पडत नाही, म्हणजे इक्वलायझर दुसराही कुठेतरी आहे. तुझं साउंड कार्ड वेगळं घेतलेलं आहे ना? त्या कार्डाचं स्वतःचं एक पॅनेल असतं, पडद्यावरच्या घड्याळाजवळ बारीकसं चिन्ह. आपण ते कधी उघडत नाही, आणि ते आपल्याला न विचारता काम करत बसतं. त्यात 'एन्हान्समेंट', 'रूम करेक्शन' असले प्रकार असतात. एकावर एक दोन इक्वलायझर चालले की असा घोळ होतो. तू वरचा बंद करतेस, खालचा चालूच.

उघड आणि बघ. चॅनेलप्रमाणे वेगळ्या रेषा दिसतात का? डावीची आणि उजवीची सारखी आहे का?

आणि ड्रायव्हर नवा टाकला तरी जुनं सेटिंग तो आठवणीने परत उचलतो, म्हणून त्याने फरक पडला नसेल.

भोंगा

---

२१ फेब्रुवारी

भोंग्या,

सापडला!

चिन्ह उघडलं. 'रूम करेक्शन' चालू. आत दोन रेषा. उजवी जवळजवळ सपाट. डावी मध्यापर्यंत सपाट, आणि पुढे घसरगुंडी. बारीक आवाज येतात तिथे नेमकी घसरलेली. पुढचा डावा आणि मागचा डावा, दोघांची तीच गत.

बघताक्षणी आठवलं. जुन्या घरी माझं टेबल खिडकीशी होतं. डावीकडे सबंध भिंतभर काच. काचेवरून आवाज चरचरीत परत यायचा, म्हणून कार्ड घेतलं तेव्हा त्याच्याबरोबर आलेला मायक्रोफोन खुर्चीच्या जागी उभा करून खोली मोजली होती. त्याने टूं-टूं करून मोजलं, आणि काचेचा चरचराट कापण्यापुरती डावी बाजू खाली आणली. अगदी बरोबर केलं होतं त्याने. पण आता डावीकडे काच कुठाय? पुस्तकं आहेत. पुस्तकं आधीच बारीक आवाज गिळतात, आणि वर हे यंत्र अजून काच आहे असं समजून कापतंय. घर बदललं हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

बंद केलं. एक क्लिक. डावीकडे बांगडी बांगडीसारखी वाजली.

मग मायक्रोफोन शोधून खोली नव्याने मोजली. तो हेडफोनच्याच खोक्यात होता, आणि हेडफोनचं खोकं कुठे होतं ते मला आधीपासून माहीत होतं, हे तुला सांगायला हरकत नाही. टूं-टूं चाललं असताना भावोजी दारात श्वास रोखून उभे. आता दोन्ही रेषा शहाण्यासारख्या आहेत. नवा इक्वलायझर काढून टाकला, एका घरात एक पुरे.

आणि मग मी माझाच पहिला भाग लावला. अगं बाई! दिग्दर्शिका फार सभ्य मुलगी आहे रे. सुई कसली, दाभण होता तो. तिला फोन करून म्हटलं, माझ्या यंत्राची मांडणी चुकली होती, पहिला भाग परत करून देते, दुसराही वेळेवर देते. ती म्हणाली, "बरं झालं, मला वाटलं तुम्हाला तसंच हवंय, आणि मी घाबरून बोलत नव्हते." इथे प्रत्येक जण दुसऱ्याला घाबरून गप्प होता.

भावोजींनी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंच. यंत्र शहाणं झालं तरी एकदा बघून घेऊ म्हणाले. बंद खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. बाई म्हणाल्या, वयाच्या मानाने उत्तम, दोन्ही सारखे, आईंचं सांगितलंत म्हणून वर्षातून एकदा येत जा. जाईन. आता मला त्या खोलीची भीती वाटत नाही.

आता तुझ्याकडे वळते. तू वीस वर्षं मोठ्या स्पीकरच्या तोंडाशी उभा राहतोस. फोनवर परवा मी "जेवलास का" विचारलं तर तू "हो, सोमवारी" म्हणालास. कान कधी दाखवलेस? खरं सांग.

ताई

---

६ मार्च

ताई,

कधीच नाही. खरं सांग म्हणालीस म्हणून सांगतो. तुला लांबलचक उपदेश केला, पण मीही तपासणीची चिठ्ठी पाकिटात घालून फिरत होतो. परांचीवरून उतरलो की कानात बारीक शीळ वाजते. मी तिला पंख्याचा आवाज म्हणायचो. पंखा नसलेल्या खोलीतही.

गेलो. शिट्ट्या ऐकल्या. सगळ्यात वरच्या एक-दोन ऐकूच आल्या नाहीत, मला वाटलं यंत्र बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, थोडी झीज आहे. गेलेलं परत येणार नाही, पण इथे थांबवता येईल, कामावर कानात बोळे घाला. मी म्हटलं, मग काम कसं ऐकू? त्यांनी आवाज न बिघडवता नुसता कमी करणारे बोळे दिले. घातले आणि सभागृहात गेलो. व्यवस्थापक "लवकर" ओरडला, तो कुठल्या कुठे लांबून आल्यासारखा वाटला. इतकी शांतता मला या धंद्यात कधी मिळाली नव्हती.

भीती वाटत होती तेवढं मोठं काही निघालं नाही. रात्री नीट झोप लागली. शीळ आहे, पण आता ती काय आहे ते मला माहीत आहे, त्यामुळे ती वाजते आणि मी झोपतो.

सभागृह झालं. आता पंधरा दिवस मोकळा. भावोजींना सांग, येतोय. त्यांचं बोलणं या खेपेला नीट ऐकणार. मोठ्याने बोला म्हणून सांगायला आता मला डॉक्टरांचा दाखला आहे.

भोंगा

---

११ एप्रिल

भोंग्या,

तू राहून गेलास त्याला बरेच दिवस झाले, भावोजी अजून टेबलावर मोठ्याने बोलतात. शेजारच्या आजींनी विचारलं, हल्ली तुमच्यात भांडणं होतात का.

काल सिनेमा दाखवला. मोठा समारंभ नव्हता, काम केलेली माणसं आणि त्यांच्या घरचे. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले. सुरुवातीला एखादी पट्टी राहून गेली असेल, डावीकडे परत सुई टोचेल, असं वाटत राहिलं. दिग्दर्शिका पुढे बसली होती. तिने एकदाही कानाला हात नेला नाही, तेव्हा मी पाठ टेकली.

मग वसतिगृहातला तो भाग आला. राखणदार बाई कंदिलाची काच पुसतेय. पडद्यावर काही होत नाही. आणि मागून, डावीकडून, कुणीतरी जिना उतरायला लागतं. चपलेत खडा अडकलेला, तेवढा बारीक करकर आवाज. मी तो तीन दिवस घासून बसवला होता.

माझ्या पुढच्या रांगेत दिग्दर्शिकेच्या सासूबाई होत्या. सिनेमाला नाखुशीनेच आलेल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. पावलं दोन पायऱ्या उतरली. सासूबाई ताडकन डावीकडे मागे वळल्या, तिथल्या रिकाम्या खुर्चीकडे रागाने बघितलं आणि म्हणाल्या,

"शू! उशिरा आलात ते आलात, निदान हळू तरी चाला!"

ताई